प्रत्यक्ष पाहून काढले

त्याची आठवण झाली की आधी वास येतो आणि वासापाठोपाठ राग. इतकी वर्षं झाली, दोन्ही कमी व्हायचं नाव नाही. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी निवलेलो नाही. मला राग मानवतो असं आमच्या घरात म्हणतात, आणि ते खरंही असेल.

तोंडावर मी त्याला 'सर' म्हणायचो, अहोजाहो करायचो. मनात मात्र कायम 'तो'. आता या वयात कशाला नाटकं करू? तोच म्हणणार.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. नगरच्या एका हायस्कुलात मी ड्रॉइंग शिकवत होतो आणि तो सायन्स. शाळेच्या आवारातच मास्तरांसाठी दोन-दोन खोल्यांची चाळ होती. तिथे त्याची-माझी भिंत एक आणि पडवी एक. पोरं त्याला अळीमास्तर म्हणायची. एकदा कुणीतरी फळ्यावर तसं लिहून ठेवलं. हा वर्गात आला, वाचलं, खडू घेतला, 'अळी' या शब्दाच्या वर चांगली हातभर अळी काढली, तोंड कुठलं आणि बूड कुठलं ते बाण मारून दाखवलं आणि तास सुरू केला. चिडायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. त्याच्या वाटणीचंही मलाच चिडावं लागायचं.

हा माणूस करायचा काय ते एकदा नीट सांगतो. ती निळसर हिरवी, चकचकीत माशी असते ना, खाटकाच्या दुकानात घोंगावणारी, तिच्या अळ्या तो पाळायचा. पाळायचा म्हणजे कलेजीच्या तुकड्यावर माश्यांना अंडी घालू द्यायची, तो तुकडा मडक्यात ठेवायचा, वर फडकं बांधायचं, आणि अळ्या खाऊन-पिऊन टम्म झाल्या की एकेक काढून मिठाच्या पाण्यात फाडायची. आत तिच्या आतड्याला लागून चार नळ्या असतात. पिवळसर, शिवणाच्या दोऱ्याहून बारीक. आपल्याला मूत्रपिंडं, तशा तिला या नळ्या. त्या नळ्यांची भिंत कसल्या पेशींची झालेली असते ते त्याला बघायचं होतं. बस्स. दुसरं काही नाही. सहा वर्षं हा माणूस अळीच्या मूत्रनळीकडे एक डोळा मिटून बघत बसला होता.

मी एकदा विचारलं, "सर, पण हे कशासाठी?"

"कुणी नीट बघितलेलं नाही म्हणून."

"पण त्याचा उपयोग काय?"

"ते बघितल्याशिवाय कसं सांगू?"

आता अशा माणसाशी काय बोलणार? बाप खर्ड्याकडे मिशनच्या शाळेत मास्तर होता, हा तिथेच वाढलेला. वर्गात अगदी छापील बोलायचा, पण एखादी गोष्ट मनासारखी झाली की गावची बोली बाहेर पडायची. त्यामुळे तो खूश कधी आहे ते भिंतीपलीकडूनही कळायचं. "आली, आली, अख्खी आली बगा!" असा आवाज आला की समजायचं, नळी न तुटता निघाली.

दाढी त्याने वाढवली होती ती काही वैराग्याने नव्हे. घरात वस्तरा एकच होता. मेणात बसवलेल्या नळीचे पापुद्रे काढायला त्याला धार लागायची, आणि दाढीने धार जाते म्हणे. म्हणून दाढीच बंद. हेडमास्तरांनी टोकलं तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, "वस्तरा कामात आहे, सर." हेडमास्तर मला म्हणाले, "हा माणूस माझी थट्टा करतो का हो?" मी म्हटलं, थट्टा करायला अक्कल लागते.

लढाईची टंचाई होती. रेशनच्या दुकानासमोर बायामाणसं सकाळपासून उभी असायची, हातात पिशवी आणि तोंडात शिव्या. आणि हा दर मंगळवारी कलेजी आणून अळ्यांना चारायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. गंमत म्हणजे सगळ्यांत जास्त चिडला होता तो खाटीक. एक दिवस तो थेट चाळीत आला.

"मास्तर, मी ताजा माल देतो. तुमी सडवता. लोक वास घेतात आणि विचारतात, कुणाच्या दुकानचा? माझं नाव खराब होतंय."

"मग शिळा द्या," हा म्हणाला. "नाहीतरी टाकताच ना तुम्ही? तोच द्या."

"माझ्याकडे शिळा माल नसतोच!"

त्यावर दोघांची बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं असं, की कुत्र्यांना टाकायचं फेपडं-बिपडं त्याने याला द्यायचं आणि कुणी विचारलं तर याने दुसऱ्याच दुकानाचं नाव सांगायचं. याने लगेच सांगितलं, "खोटं नाही सांगणार. नाव सांगणारच नाही." खाटीक डोक्याला हात लावून गेला. पण फेपडं द्यायचा.

बेचाळीसच्या पावसाळ्यात शाळा धड भरत नव्हती. पुढारी आमच्याच किल्ल्यात आणून कोंडलेले, पोरं रस्त्यावर, मास्तरांच्या खोलीत वाद. एक तरुण मास्तर त्याच्या अंगावर ओरडला, "देश पेटलाय आणि तुम्ही माशीचं मूत बघताय?" तो म्हणाला, "माशीसुद्धा या देशातलीच आहे." तो तरुण मास्तर पंधरा दिवसांनी तुरुंगात गेला. त्याचे तास कुणी घ्यायचे यावर सगळे माना खाली घालून बसले तेव्हा यानेच ते घेतले, वर्षभर, न बोलता. हे मी सांगितलं नाही तर अन्याय होईल, म्हणून सांगतो. नाहीतर त्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही.

त्याची दोन वाक्यं ठरलेली होती. एक, "उजेडातून बाजूला व्हा." लॅबच्या उत्तरेकडच्या खिडकीत शाळेचा पितळी मायक्रोस्कोप असायचा. खालच्या आरशावर उजेड पडला तरच त्यात दिसणार. कुणी खिडकीशी उभं राहिलं, मग तो शिपाई असो नाहीतर हेडमास्तर, हा मान वर न करता म्हणायचा, "उजेडातून बाजूला व्हा." इन्स्पेक्टरलासुद्धा म्हणाला होता.

दुसरं वाक्य पोरांच्या चित्रांबद्दल. बेडकाची, पानाची चित्रं काढताना पोरं पुस्तकातलं आठवून काढायची. हा ओरडायचा नाही, नुसतं म्हणायचा, "आहे ते काढा. असावं ते काढू नका." हे वाक्य मला जाम झोंबायचं. कारण ड्रॉइंग मी शिकवायचो. फूल काढायचं तर पाकळ्या सारख्या, देठ डौलदार, कागदावर डाग नाही, हे मी शिकवायचो. माझ्या गुरूंनी मला तसंच शिकवलं होतं आणि मुंबईच्या परीक्षेत मी पहिल्या वर्गात आलो होतो. त्यांची आणखी एक शिस्त होती. वस्तू समोर ठेवून चित्र काढलं की खाली ओळ लिहायची, 'प्रत्यक्ष पाहून काढले', आणि सही करायची. माझ्या हातालाच ती सवय जडली होती. चित्र संपलं की ओळ, ओळ संपली की सही. सही माझी मोठी झोकदार असायची.

आमच्या भांडणाचं मूळ मात्र कारमाइन. तो किरमिजी लाल रंग असतो. लढाईत विलायती माल बंद झाला. माझ्याकडे कारमाइनची एक लहान बाटली होती, चांगली पूड, जपून ठेवलेली. एक दिवस बघतो तर निम्मी. हा आला आणि सरळ म्हणाला, "मास्तर, मी घेतली. नळ्या रंगवायला दुसरं काही मिळेना. तुम्ही घरी नव्हता, वहिनींना विचारून घेतली." मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण लई झकास रंग बसला बगा. या, डोळा लावा."

मी गेलो नाही. मी कधीच गेलो नाही. त्या लॅबच्या दारातच मी नाकाला रुमाल लावायचो, आणि खरं सांगायचं तर वासापेक्षा त्याचं ते 'आहे ते काढा' मला जास्त नडायचं.

डोळा लावायला आमची बायको मात्र गेली. तिला अक्षर येत नव्हतं. भाकरी थापावी तर तिने, आणि भांडावं तर तिनेच. या माणसावर तिचा जीव होता. एकटा आहे, जेवायचं भान नाही, म्हणून ताट झाकून पाठवायची. त्या दिवशी परत आली ती पदराने डोळा पुसत.

"आवो, कनसावानी दिसतंय. मोठाले दाणे, भरलेले. आन त्यांच्या मदी बारकी बारकी पाचर मारल्यागत काय तरी घुसलंय."

"घाण असेल," मी म्हटलं.

"घान न्हाई. सारक्या अंतरानं हायत. घान अशी सारकी बसती व्हय?"

मी हसलो. म्हटलं, आता तूच एम.एस्सी. हो.

एम.एस्सी.चंच चाललं होतं त्याचं. सहा वर्षांत त्याला जे दिसलं होतं ते हेच. मोठ्या पेशी सगळ्यांना माहीत होत्या. पण त्यांच्या फटींतून पाचरीसारख्या बसलेल्या लहान पेशी वेगळ्याच जातीच्या आहेत, ही त्याची गोष्ट. शंभरावर अळ्या फाडल्या, प्रत्येक नळीत त्या दिसल्या. त्यावर त्याने प्रबंध लिहिला. तो मुंबईच्या एका प्रोफेसरांकडे जायचा होता. नगरात कॉलेज निघायचं घाटत होतं. एम.एस्सी. झाला असता तर तिथे त्याची जागा नक्की होती. स्वतःची लॅब, चांगला मायक्रोस्कोप, आणि अळ्या पाळायला मुभा. त्या माणसाने आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

प्रबंधाला चित्रं हवी होती, शाईने काढलेली, स्वच्छ. त्याचा हात काही चांगला नव्हता. एक डोळा मायक्रोस्कोपला आणि एक कागदावर असं करून त्याने पेन्सिलीने कच्ची चित्रं काढली होती. त्यांवर अंगठ्याचे ठसे, लाल रंगाचे शिंतोडे, फेपड्याचं पाणी. तो माझ्याकडे आला, "मास्तर, तुमच्या हातानेच होऊ द्या." मला बरं वाटलं. कबूल करतो, फार बरं वाटलं. म्हटलं, शेवटी आलास ना माझ्या दारात.

आणि नेमका तो हिवतापाने पडला. प्रबंध पाठवायला चार दिवस राहिले होते. मी बघायला गेलो तर घोंगडीत कुडकुडत होता. म्हणाला, "मास्तर, रंगवलेल्या नळीची काच मायक्रोस्कोपखाली लावूनच ठेवली आहे. कच्च्या चित्रावर विसंबू नका. एकदा डोळा लावा."

"लावतो," मी म्हटलं.

लावला नाही. घरीच बसलो, त्याची कच्ची चित्रं समोर ठेवली आणि काढत गेलो. आणि काय सुरेख काढलं! नळीची कड एका रेषेत, मोठ्या पेशी एकीला एक लागून, आतले गोल ठिपक्या-ठिपक्यांनी भरलेले. मध्ये मध्ये पेन्सिलीच्या बारीक तिरप्या खुणा होत्या. मला वाटलं हात हलला असेल, नाहीतर बोटाचा डाग. तसल्या अंगठेबहाद्दराच्या कागदावर दुसरं काय असणार? मी त्या गाळल्या. बायकोचं बोलणं आठवलं नाही का? आठवलं. पण भाकऱ्या थापणाऱ्या बाईने मला चित्र शिकवायचं का, हेही आठवलं. खाली सवयीने ओळ लिहिली, 'प्रत्यक्ष पाहून काढले'. प्रबंध इंग्रजीत म्हणून ओळही इंग्रजीत. झोकदार सही केली, बांधलं आणि पोस्टात टाकून आलो. त्याने चित्र बघितलंच नाही. ताप उतरला तेव्हा त्याने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "असं झालंय की बघत राहाल."

पाच महिन्यांनी उत्तर आलं. तो ते घेऊन पडवीत आला तेव्हा मी पाट रंगवत बसलो होतो. त्याने कागद माझ्या हातात दिला. प्रोफेसरांनी लिहिलं होतं की लेखकाने दुसऱ्या जातीच्या पेशींचा दावा केला आहे, पण त्याच्याच चित्रात तसली एकही पेशी नाही. चित्र प्रत्यक्ष पाहून काढल्याचं चित्रकाराने सहीनिशी लिहिलं आहे. तेव्हा लेखकाला जे दिसलं तो रंगाचा दोष असावा. प्रबंध नामंजूर.

एक काच मागवून बघितली असती तर? एक? डोळा लावायला किती वेळ लागतो? तिकडे दिव्याखाली विलायती मायक्रोस्कोप असतील रांगेने. पण नाही. खर्ड्याकडचा कुणी मास्तर, लांब दाढीचा, अळ्या पाळणारा, त्याला काय दिसणार? अजूनही त्या प्रोफेसराचं ते पत्र आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि मग लगेच आठवतं की त्याने तरी कुणाच्या सहीवर विश्वास ठेवला होता.

त्याने मला एकच विचारलं. रागाने नाही. खरोखर माहिती हवी म्हणून.

"मास्तर, तुम्ही डोळा लावला होता ना?"

तेव्हाच सांगायचं होतं. जीभ झडली नसती. पण मी पहिल्या वर्गात पास झालेला ड्रॉइंग मास्तर, माझ्या ओळीखाली माझी सही, आणि हा माझ्या पडवीत उभा राहून मला विचारतोय! मला उलटा रागच आला.

"लावला होता म्हणजे? म्हणून तर लिहिलं!"

"आणि त्या बारक्या दिसल्या नाहीत?"

"नाही."

त्याने कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाला, "तुमची नजर चांगली आहे. तुम्हाला दिसल्या नाहीत म्हणजे नसतील. मलाच दिसत असतील."

आणि गेला. मला वाटलं होतं तो वाद घालेल, पुन्हा बोलावेल, हात धरून ओढत नेईल. तसं केलं असतं तर मी गेलोही असतो. पण या गाढवाने माझ्यावर विश्वास ठेवला! सहा वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, शंभर अळ्यांत बघितलेलं, आणि माझ्या एका शब्दावर सोडून दिलं. त्याचा मला जितका राग आला तितका त्या प्रोफेसराचाही आला नाही.

बायको दाराआड होती. "तुमी कवा गेल्ता डोळा लावाया?"

"तू गप्प बस."

"मी बसते गप. पर तुमी बसू नगा. जावा आन सांगा त्येला."

"सांगेन. उद्या सांगेन."

उद्याचा परवा झाला. त्याने मडकी धुऊन पालथी घातली. पडवीतला वास गेला. दाढी काढली, वस्तरा आता मोकळा होता. दाढीखाली एवढासा चेहरा निघाला, ओळखू येईना. हेडमास्तर खूश झाले. महिन्याभरात त्याने राजीनामा दिला आणि आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडे डोंगरात एका गावी मराठी शाळा धरली. सांगायचं राहूनच गेलं म्हणणार नाही. मी सांगितलं नाही.

जायच्या दिवशी मी मुद्दाम बाजारात गेलो होतो. परत आलो तर चौकटीपाशी लाकडी पेटी. आत काचा, रांगेने, कापसात बसवलेल्या. बायको म्हणाली, "म्हनला, यात तुमचा रंग हाय, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." एवढं बोलून ती आत गेली आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, ताट आदळायची, बस्स.

नवव्या दिवशी, शनिवारी शाळा सुटल्यावर, मी पेटी घेऊन लॅबमध्ये गेलो. खिडकी उघडली. काच लावली. डोळा लावला तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग नुसता पांढरा उजेड. मग स्क्रू फिरवता फिरवता एकदम नळी आली. माझ्या कारमाइनने लाल झालेली. मोठे मोठे भरलेले दाणे, कणसासारखे. आणि त्यांच्या मध्ये, फटीफटीतून, आडव्या, बारक्या, पाचर मारल्यासारख्या. सारख्या अंतराने. मी दुसरी काच लावली. तिसरी लावली. सात काचा बघितल्या. प्रत्येकीत होत्या. एवढ्या ढळढळीत, की आंधळ्याला दिसाव्यात. मी टेबलावर मूठ आपटली, मायक्रोस्कोप हादरला, आणि रिकाम्या लॅबमध्ये मी मोठ्याने शिव्या देत होतो. आधी त्याला देत होतो. मग कळलं की कुणाला द्यायला हव्यात.

मी प्रोफेसरांना लिहिलं. चूक माझी, मी न बघता काढलं, काचा पाठवतो, एकदा डोळा लावा. दोनदा आठवण दिल्यावर, दीड वर्षाने, एका ओळीचं उत्तर आलं, की प्रकरण बंद झालेलं आहे. गावात कॉलेज निघालं तेव्हा ती जागा बाहेरच्या कुणाला तरी मिळाली. त्या बाहेरच्याने अळी फाडायची सोडाच, मारलीही नसेल.

चित्र मात्र मी काढलं. दहा शनिवार बसलो. एक डोळा भिंगात, एक कागदावर, त्याच्यासारखंच. यावेळी एक रेघ मनाची नाही. कड वाकडी तर वाकडी. पेशी चेपलेली तर चेपलेली. जे दिसलं ते सगळं, ठिपका न् ठिपका. तेच चित्र गुंडाळून, प्रोफेसरांचं ते एका ओळीचं पत्र खिशात घालून, सर्व्हिस मोटारीने हाडं खिळखिळी करत अकोल्याला गेलो आणि तिथून दोन कोस चालत त्याच्या शाळेत. भाताची खाचरं, चिखल, आणि कौलाखाली एक खोली. पोरं नुकतीच सुटली होती.

मी नमस्कारसुद्धा केला नाही. दारातच सांगून टाकलं. "सर, मी डोळा लावला नव्हता. खोटं बोललो. त्या आहेत." आणि चित्र पुढे केलं.

त्याने गुंडाळी सोडली. मी समोर दारात उभा. तो कागदावरून मान वर न करता म्हणाला, "उजेडातून बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. तो बघत राहिला. बोट न टेकवता, एकेका पाचरीवरून बोट फिरवत गेला. बराच वेळ. मग म्हणाला, "म्हंजी हुत्या तर."

"होत्या. आहेत."

"मला वाटलं, माझे डोळे गेले." तो अजून कागदाकडेच बघत होता. "दोन वर्सं झाली मास्तर, मी कशावर डोळा ठिवला न्हाई. पोरांना पानसुदिक दावताना भ्या वाटायचं. वाटायचं, मला दिसतंय ते आसंल का नसंल."

मला वाटलं आता तरी हा बोलेल. मीच ओरडलो, "अहो शिव्या द्या की मला! मारा! एवढं सोन्यासारखं काम मातीत घातलं मी तुमचं!" आणि खिशातलं प्रोफेसरांचं पत्र काढून त्याच्यापुढे आपटलं. त्याने ते वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं. त्याला त्यात काही रस नव्हता. तो पुन्हा चित्राकडे वळला होता.

"ही मात्र पेशी न्हाई," तो एका बारक्या काळ्या ठिपक्याकडे बोट करून म्हणाला. "ही धूळ हाय. काचेवर बसली आसंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा शनिवार! खिशातून वस्तऱ्याचं पातं काढलं, शाई खरवडायला ते आमच्याकडे असतंच. त्याने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. एवढ्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदा हात लावला.

"ऱ्हाऊ द्या."

"पण चूक आहे ना?"

"तितं हुती ना? तुमाला दिसली ना?"

"दिसली."

"मग ऱ्हाऊ द्या. आन खाली तुमची ती ओळ लिवा. सही करा."

मी लिहिली. सही एवढीशी आली. चित्र त्याने ठेवून घेतलं नाही. तुमच्या घरी लावा, म्हणाला, वहिनींना बघायला मिळेल.

ते अजून आमच्या ओसरीवर आहे. कुणी येतं, बघतं, विचारतं, हे काय आहे. मी सांगतो, अळीची मूत्रनळी. लोक नाक मुरडतात, मुरडू देत. मग कुणाची तरी नजर त्या काळ्या ठिपक्यावर जाते. इतकं स्वच्छ काढलंय आणि हा डाग कसला? मी सांगतो, डाग नाही, धूळ आहे, ती तिथे होती. एवढं सांगूनही एखादा शहाणा बोटाला थुंकी लावून पुसायला पुढे होतो. अशा वेळी मी पाहुणा बघत नाही की सोयरा बघत नाही. हात मोडीन म्हणतो.